घरी येणारी शुश्रूषा चांगली आहे की नुसती वक्तशीर, हे ओळखायचं कसं?

उंबरठा | सोमवार, रात्री ११:२०

आईला पक्षाघात होऊन आठ महिने झाले. उजवी बाजू गेली. बोलणं तुटक, 'हो' आणि 'नको' तेवढं स्पष्ट. दिवसा एका एजन्सीकडून बाई येतात, रात्री मी आणि भाऊ आळीपाळीने. बाई वेळेवर येतात, दांड्या मारत नाहीत, खोली लख्ख असते. आमचं नशीब चांगलं, असं मी चारचौघांत सांगत होते.

गेल्या गुरुवारी काम लवकर आटोपलं म्हणून दुपारीच घरी आले. खोलीचं दार लोटलेलं होतं. बाई आईचे कपडे बदलत होत्या. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबलेला, पलीकडे कोणाशी तरी हसत बोलणं चालू. गाऊन डोक्यावरून ओढला तो आईच्या लुळ्या हातात अडकला. त्यांनी न बघताच एक हिसका दिला. आईने डोळे गच्च मिटून घेतले. ओरडली नाही. 'नको'सुद्धा म्हणाली नाही. हे रोजचंच असल्यासारखी पडून राहिली.

त्या रात्री मी पहिल्यांदा आईचं अंग नीट बघितलं. काखेत आणि छातीखाली पावडरीचे थर, घामाने गोळे झालेले. खालची कातडी ओली आणि लाल. वरून मात्र छान वास.

आता सांगा, तक्रार कशाची करू? मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, काही चोरलं नाही. पण हे चांगलं नाही एवढं मला कळतंय. नेमकं काय बघायचं असतं?

---

साखरझोप | सोमवार, रात्री ११:४१

कॅमेरा लावा. विषय संपला.

---

निळी_छत्री | मंगळवार, सकाळी ६:५०

उंबरठा, मी नर्स आहे. बरीच वर्षं वॉर्डात काढली, आता घरी असलेले पेशंट बघते. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुम्हीच लिहिलंय, ते मिटलेले डोळे. कपडे बदलताना, कूस बदलताना पेशंट आधीच अंग आखडून घेत असेल तर त्याने मागच्या वेळी काय झालं ते लक्षात ठेवलंय.

आधी खांद्याचं बोलू, कारण ते तातडीचं आहे. पक्षाघातात लुळ्या बाजूच्या खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडतात, हाताच्या वजनानेच सांधा खाली उतरू शकतो. त्या हाताला धरून ओढणं, काखेत हात घालून उचलणं, हिसका देणं हे अजिबात चालत नाही. एकदा खांदा दुखायला लागला की पुढे व्यायामही होत नाही. कपड्यांचा नियम सोपा आहे: घालताना लुळा हात आधी, काढताना लुळा हात शेवटी. पुढून उघडणारे गाऊन घ्या, अर्धी झटापट तिथेच संपेल.

दुसरं कातडीचं. रोज आंघोळ किंवा अंग पुसणं चालू असताना कोणीतरी माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, घोटे, कोपरं, कानामागची बाजू उजेडात बघायला हवी. लाल डाग दिसला तर त्यावर बोट दाबून उचला. जागा क्षणभर फिकी होऊन पुन्हा लाल झाली तर रक्त खेळतंय. दाबूनही लालच राहिली तर ती शय्याव्रणाची, म्हणजे सतत पडून राहिल्याने दाबाने होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असं नाही. तिथे आजूबाजूपेक्षा काळसर-जांभळट रंग, हाताला गरम किंवा गार लागणं, टणक किंवा पिचपिचीत लागणं यावरून ओळखायचं. जखम उघडी पडायच्या आधीचे हे दिवस फुकट घालवले की पुढे महिने जातात.

पावडर बंद करा. घड्यांमध्ये ती ओल धरून बसते आणि घासते. कोमट पाण्याने धुवा, न रगडता टिपून कोरडं करा. लाली दोन-चार दिवसांत उतरली नाही तर डॉक्टरांना दाखवा, घड्यांमध्ये बुरशीही असते.

आणि तोंड. घरात कोणी बघत नाही ती जागा. बॅटरी घेऊन लुळ्या बाजूच्या गालाच्या आत बघा. घास तिथे साठतो, पेशंटला कळत नाही. गिळायला त्रास असलेल्यांमध्ये घाणेरडं तोंड म्हणजे न्यूमोनियाला आमंत्रण.

---

अवकाळी | मंगळवार, सकाळी ९:१५

छत्रीताई, आमच्याकडे बाबांच्या लाल जागेवर रोज तेल लावून चांगलं चोळतात, आणि बसायला मधे भोक असलेली रबरी गादी दिलीय. हे बरोबर ना?

---

निळी_छत्री | मंगळवार, सकाळी ९:३२

दोन्ही नाही. लाल झालेल्या हाडाच्या जागी चोळलं तर आतलं पेशीजाल आणखी दुखावतं. भोकाच्या गादीने भोकाभोवतीच्या कड्यावर दाब पडतो आणि मधल्या जागेचा रक्तपुरवठाच कमी होतो. चोळायचं काम करणाऱ्यावर रागावू नका, कित्येक वर्षं हेच शिकवलं गेलंय. बाबा स्वतः हलू शकत नसतील तर साधारण दोन तासांनी कूस बदलणं, तीही पूर्ण आडवी नाही, पाठीमागे उशी देऊन तीसेक अंशांची. आणि पलंगाची डोक्याकडची बाजू उगाच उंच ठेवू नका. माणूस खाली घसरतो, कातडी चादरीला चिकटून मागे राहते आणि आतलं हाड पुढे जातं. जेवताना आणि नंतर अर्धा तास मात्र ताठ बसवायचं.

---

पान_तेरा | मंगळवार, दुपारी १:०५

'दर्जा कसा मोजायचा' यावर एक चौकट आहे. १९६६ मध्ये अवेडिस डोनाबेडियन यांनी आरोग्यसेवेचा दर्जा तीन ठिकाणी बघायचा असं मांडलं: रचना, प्रक्रिया आणि परिणाम. रचना म्हणजे माणूस शिकलेला आहे का, साधनं आहेत का. प्रक्रिया म्हणजे प्रत्यक्ष काय आणि कसं केलं. परिणाम म्हणजे पेशंटचं काय झालं. उंबरठा यांच्याकडे आजवर फक्त रचना तपासली गेली: बाई आल्या का, कितीला आल्या. गुरुवारी त्यांना पहिल्यांदा प्रक्रिया दिसली आणि रात्री परिणाम.

परिणामासाठी मोजपट्ट्याही आहेत. बार्थेल निर्देशांक १९६५ चा, खाणं, कपडे घालणं अशा रोजच्या दहा गोष्टी पेशंटला स्वतः किती जमतात त्याचे मिळून १०० गुण. ब्रेडन मोजपट्टी शय्याव्रणाचा धोका सांगते, ६ ते २३, गुण जितके कमी तितका धोका जास्त, साधारण १८ किंवा खाली म्हणजे सावध. महिन्यातून एकदा भरून ठेवली तरी घसरण कळते.

---

साखरझोप | मंगळवार, दुपारी १:२०

म्हणजे आईला मार्क द्यायचे. घ्या.

---

पान_तेरा | मंगळवार, दुपारी १:२८

आईला नाही हो, आपल्याला.

---

चाकावरचा | मंगळवार, रात्री १०:१०

तुम्ही सगळे बघणाऱ्याच्या बाजूने बोलताय. मी पलंगावरून बोलतो. मानेच्या मणक्याला इजा होऊन सोळा वर्षं झाली. एवढ्या काळात मला आंघोळ घातलेली माणसं मोजायला बसलो तर चाळिशी सहज ओलांडेन.

पहिली खूण म्हणजे हात लागायच्या आधी आवाज येतो का. 'डाव्या कुशीवर घेतोय' एवढे तीन शब्द. ते नसले की छत अचानक फिरतं आणि पोटात गोळा येतो, खाली काही जाणवत नसूनसुद्धा.

दुसरी, दात. दुसऱ्याचे दात घासणारा माणूस स्वतःच्या वेगाने घासतो. ब्रश दाढेमागे गेला की उमासा येतो, फेस घशात उतरतो, आणि तोंडात ब्रश असताना 'थांब' म्हणता येत नाही. एकच जण असा भेटला की आठ-दहा हात मारून झाले की ब्रश बाहेर काढायचा आणि माझ्या चेहऱ्याकडे बघायचा. मी मान हलवली की पुढे. कामाला हळू आहे म्हणून एजन्सीने त्याला काढलं.

तिसरी, मला जे जमतं ते मला करू देणं. मनगटावर फडकं अडकवून तोंड मी स्वतः पुसतो. चार मिनिटं लागतात. बहुतेकांना ती चार मिनिटं बघवत नाहीत. 'राहू द्या, मी करते' म्हणून वीस सेकंदांत पुसून टाकतात. दिसायला ती मदत असते. असं तीन महिने चाललं आणि नंतर माझा हात तोंडापर्यंत पोचेना. परत जमायला अर्धं वर्ष गेलं.

माझ्या अंगावरून दोघांनी एकमेकांना 'याने खाल्लं का' विचारणं, हे वेगळं सांगायला नको. पण 'माझं बाळ ते' म्हणणारेही तितकेच डोक्यात जातात. मी त्रेपन्न वर्षांचा आहे.

आता खरं दुखणं. दर आठवड्याला नवीन माणूस. माझ्या लघवीच्या नळीला पीळ पडून मूत्राशय तुंबलं की डोकं फुटेल असं ठणकतं, चेहऱ्यावर घाम डवरतो आणि रक्तदाब भसकन चढतो. छातीच्या सहाव्या मणक्यावर किंवा त्याच्या वर इजा असलेल्या कोणालाही हा धोका असतो, आणि वेळेत उतरवला नाही तर जीवावर बेततं. करायचं एवढंच: मला ताठ बसवा, नळी तपासा, घट्ट काही असेल ते सैल करा, फरक पडला नाही तर लगेच मदत बोलवा. हे मी दर सोमवारी नव्या चेहऱ्याला पहिल्यापासून सांगतो. एखाद्या सोमवारी सांगायच्या आधीच ते झालं तर? म्हणून कुशल पण रोज बदलणाऱ्या माणसापेक्षा बेताचा पण टिकणारा माणूस मला हवा असतो. छत्रीताईंना हे पटणार नाही.

---

निळी_छत्री | मंगळवार, रात्री १०:५२

अर्धं पटलं. बेताचा टिकला आणि शिकला तर. बेताचाच राहून टिकला तर उंबरठा यांच्या घरी जे चाललंय ते आठ महिने चालतं.

नळीवरून आठवलं: पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नाही. खुर्चीत बसवताना ती मांडीवर ठेवणारे मी रोज बघते.

---

साखरझोप | बुधवार, सकाळी ८:०५

एवढं सगळं वाचलं. तरी माझा मुद्दा तोच. कोणी बघत नसताना माणसं वेगळी वागतात. कॅमेऱ्याने सरळ होतात.

---

उंबरठा | बुधवार, सकाळी ८:३०

मी पण विचार केला होता. पण कॅमेऱ्यात सगळ्यात जास्त वेळ दिसणार आईचं उघडं अंग. ते फुटेज बघणार मी, भाऊ, आणि तो बसवून देणारा माणूस. आईला विचारलं. 'नको' म्हणाली, दोनदा.

---

चाकावरचा | बुधवार, सकाळी ८:४४

काकूंना माझा नमस्कार सांगा.

---

घरोघरी | बुधवार, रात्री ११:५५

मी हेच काम करते. पेशंट सांभाळायचं. मुलगी टाइप करून देतीये, मी सांगतीये.

ताई, हिसका दिला ते चुकलंच. फोन तर नकोच. त्याची बाजू मी घेत नाही. पण दुसरी बाजू पण लिहा म्हटलं मुलीला.

मला एजन्सी पत्ता देते आणि 'लेडीज पेशंट, बेडरिडन' एवढं सांगते. पेशंटला काय झालंय ते घरी गेल्यावर कळतं, कधी कधी दोन दिवसांनी. एका घरी आजीला पातळच द्यायचं होतं हे मला कोणी बोललं नव्हतं. ठसका लागला तेव्हा सगळे माझ्यावर धावून आले. पहिल्या दिवशी मला काय दाखवतात? किल्ली कुठे, फडकी कुठे, वायफाय वापरायचं नाही. पेशंटला कसं उठवायचं ते कोणी दाखवत नाही कारण त्यांना पण माहीत नसतं.

मग बारा तासांत पेशंटचं करून झालं की भांडी, मग केर, मग 'जरा कपडे वाळत घाला'. नाही म्हटलं तर एजन्सीला फोन. तुम्ही खोली लख्ख असते लिहिलंय ना, मी तिथेच थांबले. खोली लख्ख ठेवायला वेळ कुठून येतो? आईच्या वेळातूनच येतो.

साठ-पासष्ट किलोचं माणूस एकटीने ओढून ओढून माझी कंबर गेली. सरकवायची चादर असते, ती पाठीखाली घातली की निम्मी ताकद लागते, हे मला एका फिजिओच्या दादाने दाखवलं, कामाला लागून सहा वर्षं झाल्यावर. त्याच्या आधी मी पण लोकांना काखेत धरूनच उचललं. आता आठवलं की वाईट वाटतं.

एक गोष्ट मी माझ्या मनाने करते. अंग पुसताना माणूस पूर्ण उघडं करत नाही. एक हात बाहेर काढायचा, पुसायचा, कोरडा करायचा, झाकायचा, मग दुसरा. आणि पुसायच्या आधी माझे हात गरम पाण्यात धरते. गार हात लागला की म्हातारी माणसं दचकतात.

---

पान_तेरा | गुरुवार, सकाळी ७:१०

या पोस्टीनंतर माझ्या मोजपट्ट्या मी खिशात ठेवतो. फक्त एक जोडतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा घरकामगारांसाठीचा १८९ क्रमांकाचा करार आहे, २०११ चा. त्यात आठवड्याला सलग किमान २४ तास विश्रांती असावी असं लिहिलंय. उंबरठा यांनी 'दांड्या मारत नाहीत' हे कौतुक म्हणून लिहिलं. बाईंना सुट्टी आहे का?

---

उंबरठा | गुरुवार, सकाळी ७:२५

...नाही. रविवारीही येतात. मला कधी सुचलंच नाही विचारायचं.

---

साखरझोप | गुरुवार, सकाळी ७:४०

पैसे घेतात ना कामाचे?

---

घरोघरी | गुरुवार, दुपारी २:१५

घेते. कामाचे घेते. हिसका खायचे ताईंची आई घेत नाही आणि कंबर मोडायचे मी घेत नाही.

---

मधली_सुट्टी | गुरुवार, रात्री ९:३०

विषय थोडा बाजूला जातो, पण विचारते. सासऱ्यांना स्मृतिभ्रंश आहे. इतर वेळी गरीब गाय, पण आंघोळीला नेलं की मारतात, चावतात. तीन माणसं सोडून गेली. चांगला माणूस तरी काय करणार?

---

निळी_छत्री | गुरुवार, रात्री १०:०५

त्यांच्या बाजूने बघा. दोन अनोळखी माणसं येतात, काही न सांगता कपडे काढतात आणि डोक्यावर पाणी ओततात. आपणही हात उगारू. २००४ चा एक अभ्यास आहे, शुश्रूषागृहातल्या स्मृतिभ्रंशाच्या पेशंटवरचा. शॉवर द्यायची पद्धत माणसाच्या कलाने बदलली, किंवा शॉवर सोडून कोमट ओल्या मोठ्या टॉवेलमध्ये गुंडाळून पलंगावरच स्नान दिलं. दोन्ही प्रकारांत मारणं-झटापट निम्म्यापेक्षा कमी झाली. माणूस तोच, आजार तोच.

घरी एवढं करून बघा: अंगावर पंचा राहू द्या आणि त्याखालून धुवा. पाणी पायापासून सुरू करा, डोकं शेवटी किंवा दुसऱ्या दिवशी. त्यांच्या हातात एक फडकं द्या, हात गुंतला की मारत नाही. पाणी तुमच्या कोपराने तपासा. आणि रोज आंघोळ झालीच पाहिजे हा हट्ट सोडा. तोंड, काखा, जांघा रोज स्वच्छ झाल्या की पुरे. तो हट्ट घरच्यांचा असतो, सासऱ्यांचा नाही.

---

मधली_सुट्टी | गुरुवार, रात्री १०:११

हट्ट माझाच आहे. कबूल.

---

उंबरठा | रविवार, सायंकाळी ६:४०

सगळ्यांना एकत्र उत्तर देते.

शुक्रवारी सुट्टी काढून घरी थांबले. बाईंना म्हटलं, आज आईचं दोघी मिळून करू, मलाही शिकायचंय. आधी त्या फुगून बसल्या, 'माझं काम आवडत नसेल तर सांगा सरळ.' मी त्या गुरुवारचं सांगितलं. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, फोनवर मुलगा होता, घरी एकटा असतो, दुपारी तेवढाच वेळ मिळतो बोलायला. लुळा हात आधी घालायचा हे त्यांना खरंच कोणी सांगितलेलं नव्हतं. मलाही कुठे माहीत होतं? आठ महिने रात्रीच्या पाळीला मीही डोक्यावरूनच ओढत होते. फक्त फोन नव्हता एवढंच.

केर आणि भांडी त्यांच्याकडून काढून घेतली. रविवार सुट्टी, म्हणजे आज मी आणि भाऊ. दुपारी दोन ते अडीच त्यांचा फोनचा वेळ, आईच्या खोलीबाहेर. पलंगाशेजारी वही ठेवलीय: कूस कधी बदलली, कातडी कुठे कशी, किती खाल्लं, शी-शू. शेवटचा रकाना मी 'आई काय म्हणाली' असा ठेवलाय. शनिवारी त्यात बाईंच्या अक्षरात लिहिलेलं सापडलं: 'निळा गाऊन नको बोलल्या. पिवळा घातला.'

सगळं जुळलं असं म्हणत नाही. काल पुन्हा घाईत काखेत हात घातलेला बघितला. आई अजूनही कपड्यांच्या वेळी डोळे मिटते, लगेच नाही पण मिटतेच. आणि एजन्सीला प्रशिक्षणाबद्दल विचारलं तर 'आमच्या सगळ्या बाया अनुभवी आहेत' एवढंच उत्तर मिळालं. पुढच्या महिन्यात ते माणूस बदलतात म्हणे. मी भांडणार आहे.

छत्रीताई, एक विचारायचंय. आज अंग पुसताना उजव्या टाचेच्या मागे एक गोल डाग दिसला, आठवड्यापूर्वी नव्हता. काळसर, बोट दाबलं तरी रंग बदलत नाही, आणि दाबल्यावर मऊ लागतो. कातडी फाटलेली नाही. थांबू का एक-दोन दिवस? फोटो टाकू?

---

निळी_छत्री | रविवार, सायंकाळी ६:५२

थांबू नका. वरून कातडी शाबूत असली तरी काळसर आणि पिचपिचीत म्हणजे आत इजा झालेली असू शकते, आणि टाचेला मांस नसतंच. आज किंवा उद्या सकाळी डॉक्टरांना दाखवा. तोवर पोटरीखाली लांब उशी अशी द्या की टाच पूर्ण अधांतरी राहील, चादरीलाही टेकणार नाही. गुडघा किंचित वाकलेला असू द्या. चोळू नका, फोडू नका, काही लावू नका. डावी टाचही बघा.

फोटो इथे नको, डॉक्टरांना दाखवा. आणि वहीत आजची तारीख घालून डागाचा आकार लिहून ठेवा, बाईंना उद्या आल्या आल्या दाखवा.

---

उंबरठा | रविवार, सायंकाळी ७:२०

उशी दिली. डावी टाच ठीक आहे, दाबल्यावर फिकी होते. डॉक्टर सकाळी साडेनऊला.

---

घरोघरी | रविवार, रात्री ११:१०

ताई, उशी रात्रीत सरकते. दोन वाजता एकदा बघा.